टन, क्षमता आणि वाढ : उष्णता व शीत यांच्या यंत्रोद्योगातील तीन शब्दांचा विचार

मराठी औद्योगिक लेखनात ‘क्षमता’ हा शब्द इतक्या सहजतेने वावरतो की त्याच्या अर्थाविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही. साखर कारखान्याची गाळपक्षमता, शीतगृहाची साठवणक्षमता, बॉयलरची क्षमता, कारखान्याची उत्पादनक्षमता, हे सर्व प्रयोग एकाच साच्यातले दिसतात. वस्तुतः त्यांतील प्रत्येकाचे माप निराळे, त्या मापातील काळाचा हिशेब निराळा, आणि त्यावरून करावयाचे अनुमानही निराळे आहे. व्यवहारात हा भेद दृष्टिआड झाला म्हणजे केवळ भाषेचीच हानी होते असे नव्हे. कर्ज काढून यंत्र घेणारी सहकारी संस्था, यंत्र बनविणारा छोटा कारखानदार, आणि शेवटी ज्याच्या मालावर ते यंत्र चालावयाचे तो शेतकरी, या तिघांचेही पैसे त्या एका शब्दात अडकलेले असतात.

या विचारासाठी हिंगोली जिल्हा हे सोयीचे उदाहरण आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा उष्णता व शीत यांची यंत्रे बनविण्याबद्दल नव्हे, तर ती वापरण्याबद्दल ध्यानात घ्यावा असा आहे. वसमत परिसरातील हळद काढणीनंतर लगोलग शिजवावी लागते. वसमतनगरच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्याचे सारे चक्रच वाफेवर फिरते. दूध तापण्यापूर्वी थंड करावे लागते. औंढा नागनाथ परिसरात उभारावयाच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्र सरकारने २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांच्या टोकांवरील उपकरणांना स्थिर तापमान हवे, आणि ते तापमान राखणाऱ्या यंत्रांची कंपने मात्र तेथवर पोहोचता कामा नयेत. एकाच जिल्ह्यात हळदीच्या कुकरपासून वेधशाळेच्या वातानुकूलनापर्यंतची मागणी एकवटते. ती पुरविणारे मोठे कारखाने मात्र पुणे, ठाणे आणि त्यांहूनही दूरच्या प्रदेशांत आहेत. ते तेथे कसे वाढले, आणि त्यांच्या ‘क्षमते’चा अर्थ काय, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

१. चार प्रकारचे टन

मराठी वाचकाला औद्योगिक क्षमतेचा पहिला परिचय बहुधा साखर कारखान्यामुळे झाला. ‘दैनिक गाळपक्षमता इतके टन’ या पदबंधात टन हे उसाच्या वजनाचे माप असून ‘दैनिक’ हे विशेषण काळाची मर्यादा स्पष्ट सांगते. येथे संदेहाला जागा नाही.

त्याच कारखान्याच्या बॉयलरकडे वळले की टनाचा अर्थ पालटतो. ‘दहा टनांचा बॉयलर’ म्हणजे दहा टन वजनाचा बॉयलर नव्हे, किंवा दहा टन पाणी मावणारा बॉयलरही नव्हे. ताशी दहा टन पाण्याची वाफ करणारा बॉयलर, असा त्याचा अर्थ आहे. येथे काळ आहे, पण तो तासाचा आहे, आणि बोलताना तो गाळला जातो. जाणकारांच्या बोलण्यात तो अध्याहृत असतो. अजाणाच्या कानी तो मुळीच पडत नाही.

तिसरा टन प्रशीतनाचा. वातानुकूलनाचे यंत्र ‘दीड टनाचे’ असते हे आता घरोघरी ठाऊक आहे, परंतु तो टन कशाचा, असे विचारले तर उत्तर क्वचितच मिळते. तो बर्फाचा टन होय. यांत्रिक प्रशीतनापूर्वी थंडावा हा बर्फाच्या रूपाने विकत मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेच्या तळ्यांतील बर्फ जहाजांनी कलकत्त्यास व मुंबईस येत असे, आणि तो ठेवण्यासाठी बर्फघरे बांधलेली होती. पुढे यंत्रे आली तेव्हा त्यांची तुलना ओळखीच्या वस्तूशीच करणे स्वाभाविक होते. दोन हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅमचा, शून्य अंशावरील बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता तेवढ्याच काळात काढून नेणारे यंत्र ते एक टनाचे. एक किलो बर्फ वितळण्यास सुमारे ८० किलोकॅलरी लागतात. त्या हिशेबाने एक टन प्रशीतन म्हणजे ताशी सुमारे ३,०२४ किलोकॅलरी, अथवा साडेतीन किलोवॉट. बर्फ केव्हाच गेला. शब्द मागे राहिला. काळही त्याच्या पोटात दडलेला आहे, पण तो दिवसाचा आहे, आणि तो उच्चारला जात नाही.

चौथा टन शीतगृहाच्या साठवणीचा. ‘पाच हजार टनांचे शीतगृह’ म्हणजे पाच हजार टन माल मावेल इतकी जागा. येथे काळ मुळीच नाही. हे केवळ पोटाचे माप आहे, कामाच्या गतीचे नव्हे.

या चौघांतील अंतर किती मोठे आहे हे एका गणिताने ध्यानात येईल. शंभर अंशांवरील एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणून ताशी एक टन वाफ देणारा बॉयलर ताशी सुमारे ५,४०,००० किलोकॅलरी उष्णता पुरवितो. प्रशीतनाचा एक टन ताशी ३,०२४ किलोकॅलरी उष्णता काढून नेतो. म्हणजे बॉयलरच्या विभागातील एक टन हा शीतयंत्राच्या विभागातील एका टनाच्या सुमारे १७८ पट आहे. एकाच कारखान्याच्या एकाच छपराखाली हे दोन्ही टन नांदतात. पत्रकात मात्र दोहोंसाठी अक्षरे तीच असतात.

काळाचा उल्लेख गळाल्याने व्यवहारात काय घडते ते दुधाच्या उदाहरणावरून कळेल. दहा हजार लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणावयाचे आहे असे समजा. दुधाची घनता व विशिष्ट उष्णता लक्षात घेता सुमारे तीन लाख किलोकॅलरी उष्णता काढावी लागेल. हे काम चोवीस तासांत उरकावयाचे असेल तर चार टनांचे यंत्र पुरते. तीन तासांत उरकावयाचे असेल तर जवळजवळ ३३ टनांचे लागते. दूध चोवीस तास वाट पाहत नाही, ते नासते. ‘दहा हजार लिटरची क्षमता’ एवढेच वाचून चार टनांचे यंत्र घेणाऱ्या संस्थेला टाकीची क्षमता मिळाली, थंडाव्याची मिळाली नाही. कागदावर कोणीही असत्य लिहिलेले नसते, तरीही संस्था फसते.

२. ‘क्षमता’ आणि तिची भावंडे

‘क्षमता’ हा शब्द संस्कृतातील क्षम् या धातूपासून आला आहे. ‘क्षमा’ त्याच धातूची. मूळ अर्थ सहन करणे, सोसणे, आणि त्यावरून समर्थ असणे. म्हणजे व्युत्पत्तीने पाहता क्षमता ही करून दाखविलेल्या कामाची संज्ञा नसून झेपण्याच्या मर्यादेची संज्ञा आहे. बोलभाषेत हा आशय ‘कुवत’, ‘मगदूर’, ‘आवाका’ या शब्दांनी व्यक्त होतो, आणि या तिन्ही शब्दांत मर्यादेची जाणीव ठसठशीत आहे. ‘ज्याच्या त्याच्या मगदुराप्रमाणे’ असे म्हणताना बोलणाऱ्याला कमाल मर्यादाच अभिप्रेत असते. संस्कृत तत्सम शब्दाने प्रतिष्ठा मिळविली. मर्यादेची ती जाणीव मात्र बरीचशी पुसट झाली. आज ‘क्षमता इतकी आहे’ हे वाक्य ‘उत्पादन इतके होते’ अशा अर्थाने वाचले जाते.

स्वातंत्र्योत्तर काळातील औद्योगिक कायद्याने या शब्दाला निदान एक शिस्त लावली होती. उद्योग (विकास व विनियमन) अधिनियम, १९५१ अन्वये अनेक उद्योगांना उत्पादनासाठी परवाना घ्यावा लागे, आणि परवान्यात किती उत्पादन करावयाचे याचाही आकडा असे. त्यामुळे कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत तीन आकडे शेजारी शेजारी छापले जात : परवानाप्राप्त क्षमता, स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष उत्पादन. पहिला आकडा शासनाच्या अनुमतीचा, दुसरा यंत्रसामग्रीचा, तिसरा घडलेल्या वस्तुस्थितीचा. जुलै १९९१ मध्ये बहुसंख्य उद्योगांची परवानापद्धती रद्द झाली आणि पहिल्या आकड्याचे प्रयोजन उरले नाही. उद्योगांच्या दृष्टीने ही मोकळीक इष्टच होती. परंतु तिन्ही आकडे एकत्र पाहण्याची वाचकाची सवयही त्याबरोबर गेली, आणि ‘क्षमता’ हा शब्द पुन्हा एकाकी, निर्विशेष झाला.

स्थापित क्षमतेविषयीही एक गैरसमज आढळतो. यंत्रे वाढविली की क्षमता वाढली, असे सामान्यतः मानले जाते. एखाद्या लहान कारखान्यात हळदीचा कुकर बनविताना पत्रा कापणे, वाकविणे, जोड देणे, दाबाची चाचणी घेणे आणि रंग देणे असे टप्पे असतात. जोडकामाला तीन दिवस व इतर प्रत्येक टप्प्याला एक दिवस लागत असेल, तर कारखाना तीन दिवसांत एकच कुकर देऊ शकतो. पत्रा कापण्याचे दुसरे, अधिक वेगवान यंत्र आणल्याने कापलेल्या पत्र्यांची रास वाढेल, कुकर वाढणार नाहीत. कारखान्याची क्षमता ही त्यातील सर्वांत मंद टप्प्याची क्षमता होय. कुशल जोडारी दुर्मिळ असेल, तर त्या कारखान्याची क्षमता पोलादात नसून त्या एका माणसाच्या हातात आहे.

३. वाढीचे चार मार्ग

‘वाढ’ हा शब्द अस्सल मराठी आहे, आणि त्याचे क्रियापद विलक्षण आहे. पीक वाढते, मूल वाढते, ताट वाढले जाते. पण नारळ ‘वाढविला’ म्हणजे फोडला, आणि दिवा ‘वाढविला’ म्हणजे मालविला. अशुभ उच्चार टाळण्यासाठी मराठीने मोडण्याला वाढण्याचा शब्द दिला. नव्या कारखान्याचा आरंभही नारळ वाढवूनच होतो. उद्योगांचा इतिहास पाहता हा अर्थविरोध तितकासा अनाठायी वाटत नाही. काही वाढ भर घालून होते, तर काही काढून टाकून.

महाराष्ट्रातील उष्णता व शीत यांच्या यंत्रोद्योगात वाढीचे चार मार्ग स्पष्ट दिसतात.

पहिला मार्ग व्यापाराकडून निर्मितीकडे जाण्याचा. मोहन अडवाणी यांनी १९४३ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या ब्ल्यू स्टारचा आरंभ वातानुकूलन यंत्रे व शीतकपाटे दुरुस्त करून पुन्हा चालू करण्याने झाला. १९५४ मध्ये टाटा सन्स व व्होल्कार्ट ब्रदर्स यांच्या सहयोगाने निघालेल्या व्होल्टासच्या पाठीशी व्होल्कार्ट या १८५१ पासूनच्या स्विस व्यापारी पेढीचा अनुभव होता. दुरुस्ती व विक्री करणाऱ्याला कोणत्या यंत्रात काय बिघडते आणि ग्राहक कशासाठी पैसे मोजतो याचे ज्ञान आधीच मिळालेले असते. निर्मितीची क्षमता त्या ज्ञानाच्या मागून येते.

दुसरा मार्ग एका कौशल्यातून शेजारचे कौशल्य उभारण्याचा. किर्लोस्कर घराण्याचा उद्योग १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झाला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडीस स्थिरावला, आणि लोखंडी नांगर, पंप, तेलइंजिने अशी एकेक पायरी चढत गेला. १९५८ मध्ये पुण्याजवळ हडपसर येथे किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी निघाली. हवा दाबणारे यंत्र आणि अमोनिया वायू दाबणारे यंत्र यांचे शास्त्र बऱ्याच अंशी एकच आहे. म्हणून हवेच्या काँप्रेसरकडून शीतगृहांच्या व बर्फकारखान्यांच्या काँप्रेसरकडे जाणे हा तिच्यासाठी नैसर्गिक विस्तार ठरला.

या मार्गाचे अधिक बोधप्रद उदाहरण थर्मॅक्सचे आहे. अ. स. भथेना यांनी १९६६ मध्ये वॉन्सन या बेल्जियन कंपनीच्या सहयोगाने ‘वॉन्सन इंडिया’ स्थापन केली, ती लहान बॉयलरांसाठी. पुढे तिचे मुख्य केंद्र पुण्यास आले आणि १९८० मध्ये ‘थर्मॅक्स’ हे नाव मिळाले. लहान, गुंडाळीच्या नळीच्या बॉयलरात पाणी थोडे असते, आणि वाफ लवकर मिळते. भारतीय बॉयलर अधिनियम, १९२३ हा मूळात पाच गॅलन, म्हणजे २२.७५ लिटर, यांहून अधिक धारणेच्या बंद पात्रांना लागू होता, ही गोष्टही अशा रचनेला अनुकूल होती. (या अधिनियमाची जागा आता २०२५ च्या नव्या अधिनियमाने घेतली आहे.) बॉयलर बनविणारा कारखाना शीतयंत्रे कशी बनवू लागला, हे वरकरणी कोडे वाटते. त्याचे उत्तर शोषण-प्रशीतनात आहे. नेहमीच्या यंत्रात विजेच्या बळावर काँप्रेसर चालतो. शोषणयंत्रात लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणाला उष्णता देऊन त्यातील पाणी वेगळे केले जाते, आणि ते पाणी निर्वातप्राय दाबाखाली पुन्हा वाफ होताना थंडावा निर्माण करते. वाया जाणारी वाफ किंवा धुराड्यातून निघून जाणारी उष्णता यांतून थंडावा मिळविण्याचा हा उपाय आहे. ज्याला उष्णतेचा व्यवहार कळतो, त्याला शीताचा हा प्रकार परका नाही. उष्णता आणि शीत हे दोन धंदे नसून एकाच धंद्याच्या दोन बाजू आहेत, असे या उदाहरणाचे सार सांगता येईल.

तिसरा मार्ग स्थलांतराचा. २००३ मध्ये हिमाचल प्रदेश व उत्तराखंड यांना केंद्र सरकारने करसवलती दिल्यानंतर अनेक कारखाने तिकडे गेले. ब्ल्यू स्टारचा काला अंब येथील आणि व्होल्टासचा पंतनगर येथील कारखाना या संदर्भात आठवतो. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर उत्पादनशुल्कातील सवलतीचे हे आकर्षण पूर्वीच्या रूपात उरले नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रशीतक वायूसह येणाऱ्या वातानुकूलन यंत्रांच्या आयातीवर बंदी आली. २०२१ मध्ये वातानुकूलन यंत्रे व एलईडी दिवे यांच्या घटकभागांसाठी ६,२३८ कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना जाहीर झाली. आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे थर्मॅक्स व ब्ल्यू स्टार या दोहोंचे कारखाने आहेत. त्याच सुमारास महाराष्ट्रातही, पालघर जिल्ह्यातील वाडा येथे, ब्ल्यू स्टारने २०२२ मध्ये डीप फ्रीझरचा नवा कारखाना सुरू केला. कारखाना कोठे उभा राहतो हे ग्राहक कोठे आहे यावरच ठरत नाही. बंदर, करसवलत, सुट्या भागांचे पुरवठादार आणि कुशल कामगार यांची बेरीज ज्या जागी अनुकूल होईल तेथे तो जातो. हिंगोलीसारखा जिल्हा ग्राहक असूनही उत्पादक का होत नाही, याचे स्पष्टीकरण पुष्कळसे यात आहे.

चौथा मार्ग आवरण्याचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस थर्मॅक्सचे अनेक दिशांना पसरलेले उद्योग कंपनीला झेपेनासे झाले आणि २००० च्या सुमारास ती तोट्यात गेली. रोहिंटन आगा यांच्या १९९६ मधील निधनानंतर अनू आगा कंपनीच्या अध्यक्ष झालेल्या होत्या. त्यांच्या कारकिर्दीत ऊर्जा व पर्यावरण या मूळ क्षेत्रांबाहेरील धंदे कमी करण्यात आले, आणि कंपनी पुन्हा सावरली. येथे ‘वाढविणे’ या क्रियापदाचे दोन्ही अर्थ एकाच घटनेत एकत्र आलेले दिसतात.

४. मागणीवाचून क्षमता

क्षमता आणि मागणी यांची फारकत झाली म्हणजे काय होते, याचा धडा सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे मिळतो. २०१० मध्ये थर्मॅक्स व अमेरिकेतील बॅबकॉक अँड विलकॉक्स यांनी ५१ व ४९ टक्के भागीदारीत एक कंपनी स्थापन केली. मोठ्या औष्णिक वीजकेंद्रांसाठी अतिक्रांतिक बॉयलर, म्हणजे पाणी व वाफ यांतील भेदच नाहीसा होतो अशा दाबाखाली चालणारे बॉयलर, बनविणे हा तिचा हेतू. कारखाना वर्षाला ३,००० मेगावॉट क्षमतेच्या बॉयलरांसाठी योजला होता. ज्या काळी हा निर्णय झाला त्या काळी देशात विजेची टंचाई होती आणि नव्या कोळसा-वीजकेंद्रांच्या घोषणा रोज होत होत्या. म्हणून त्या निर्णयाला अविचार म्हणता येत नाही. परंतु कारखाना उभा राहीपर्यंत कोळशाचा पुरवठा, वीजकंपन्यांची आर्थिक स्थिती व बँकांची कर्जे या तिन्ही आघाड्यांवर चित्र पालटले, आणि नव्या केंद्रांची मागणी आटली. २०१८ मध्ये परदेशी भागीदाराचा हिस्सा थर्मॅक्सने घेतला.

या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष सर्वसामान्य आहे. यंत्राची मागणी ही मूळ मालाच्या मागणीची सावली असते. विजेची गरज थोडी मंदावली तर वीजकेंद्रे चालूच राहतात, परंतु नव्या केंद्रांची गरज एकदम शून्यावर येते, आणि बॉयलरच्या कारखान्याला ती शून्यताच तेवढी जाणवते. सावली मूळ वस्तूहून लांब पडते, तसे यंत्रोद्योगातील चढउतार मूळ धंद्यातील चढउतारांहून तीव्र असतात. स्थापित क्षमतेचा आकडा या सावलीच्या सर्वांत लांब क्षणी ठरविला गेला, तर तो पुढे ओझे होतो.

५. हळदीचा हंगाम आणि कुकरचा कारखाना

हाच नियम लहान प्रमाणावर हळदीच्या मुलखात पाहावयास मिळतो. हळदीचे कंद काढल्यावर जेठे गड्डे व हळकुंडे वेगळी करून ती थोड्याच दिवसांत शिजवावी लागतात, मग पंधरवडाभर उन्हात वाळवून पॉलिश करावी लागतात. पूर्वी हे काम कढईत पाणी उकळून होत असे. आता वाफेचा बॉयलर आणि त्याला जोडलेली पिंपे, ज्याला शेतकरी एकत्रितपणे ‘कुकर’ म्हणतो, यांचा प्रसार झाला आहे. ओल्या हळदीत सुमारे चार-पंचमांश पाणी असते. एक टन ओली हळद ३० अंशांवरून १०० अंशांवर आणण्यास साठ हजार किलोकॅलरींच्या आसपास उष्णता लागते. ती सव्वाशे किलोंहूनही कमी वाफेतून मिळू शकते. प्रत्यक्षात पिंपांतून व नळ्यांतून होणाऱ्या नाशामुळे अधिक वाफ लागते. येथेही ‘एक टनाचा कुकर’ म्हणजे एका वेळी एक टन हळद मावणारा, की ताशी एक टन हळद शिजविणारा, की ताशी एक टन वाफ देणारा, हा प्रश्न विचारावाच लागतो. तिसरा अर्थ घेतला तर पहिल्या दोहोंहून कित्येक पटींनी मोठे यंत्र सूचित होते, आणि बंद पात्रातील दाबाचा प्रश्न असल्याने ही चूक पैशापुरतीच राहील याचीही शाश्वती नाही. वाफ धरून ठेवणाऱ्या पात्राची जाडी, जोड आणि सुरक्षा-झडप ही त्याच्या खऱ्या क्षमतेवरून ठरावयास हवीत.

असे कुकर बनविणाऱ्या कारखान्याचे गणित आता मांडता येईल. समजा, तो आठवड्याला दोन कुकर बनवू शकतो. वर्षाची स्थापित क्षमता सुमारे शंभर. परंतु शेतकरी कुकर घेतो तो हंगामाच्या तोंडावर व हंगामात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या साधारण सतरा आठवड्यांत. तेवढ्या काळात चौतीसच कुकर तयार होतात. शंभर विकावयाचे तर उरलेले सहासष्ट आधीच्या तेहेतीस आठवड्यांत बनवून ठेवले पाहिजेत. म्हणजे तितक्या पोलादाची, मजुरीची व व्याजाची रक्कम हळदीचा भाव कळण्यापूर्वी गुंतवावी लागते. पाऊस ओढला, किंवा भाव पडला, तर तो माल अंगणात उभा राहतो. कर्जाच्या अर्जात ‘वार्षिक क्षमता शंभर’ असे लिहिणारा कारखानदार खोटे लिहीत नाही. तो एवढेच सांगत नाही की त्या शंभरांपैकी सहासष्टांची क्षमता भांडवलाची आहे, यंत्रांची नव्हे.

यावर उपाय कोणता, याचे दिग्दर्शन वर आलेल्या मोठ्या कंपन्यांच्या इतिहासात आहे. शेजारचे कौशल्य उभारणे, हा तो उपाय. दूधसंकलनाच्या शीतटाक्या व थंड पाण्याची यंत्रे यांची निकड उन्हाळ्यात वाढते. साखर कारखान्यांच्या नळ्या व टाक्या यांचे दुरुस्तीकाम गाळप थांबल्यावर, पावसाळ्यात निघते. पत्रा, जोडकाम व दाबचाचणी ही तिन्ही कामांत सामान्य आहेत. उष्णता व शीत यांचे हंगाम एकमेकांना पूरक असल्याने, ज्या कारखान्याची जोडकामाची बाजू बळकट आहे त्याला नवे यंत्र न घेताही वापरात येणारी क्षमता वाढविता येते. प्रशीतनाच्या कामात वायूंविषयीचे प्रशिक्षण मात्र अपरिहार्य आहे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर व २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर, जिला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, प्रशीतकांची निवड ही केवळ किमतीची बाब राहिलेली नाही.

६. पेव

सांगलीजवळ हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीत पेवे खणलेली असत. तोंड अरुंद, पोट मोठे, आणि माल भरल्यावर तोंड बंद. जमिनीच्या पोटातील तापमान फारसे बदलत नसल्याने व हवा जवळजवळ शिरत नसल्याने हळद तेथे दीर्घकाळ टिके. या साठवणीला प्रशीतनाचा एकही टन लागत नसे. २००५ च्या महापुरात तेथील पेवांत पाणी शिरून हळदीची मोठी हानी झाली, आणि साठवणीचा ओघ गोदामे व शीतगृहे यांच्याकडे अधिक वळला. पेवाची क्षमता एका गोष्टीवर अवलंबून होती : भूजल वर येणार नाही, या गृहीतावर. गृहीत ढळले आणि क्षमता संपली.

मराठीत ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार एखाद्या गोष्टीचा अकस्मात सुकाळ होणे या अर्थी रूढ आहे. कारखान्यांचे, शीतगृहांचे किंवा योजनांचे पेव फुटते तेव्हा त्याला वाढ म्हणण्याचा मोह होतो. परंतु पेव फुटल्यावर बाहेर पडते ते साठविलेले धान्य असते, नवे पीक नव्हे. अनुदान, करसवलत किंवा क्षणिक टंचाई यांमुळे उसळलेली मागणी बहुधा अशा साठलेल्या गरजेची असते. ती एकदा भागली की पुढच्या वर्षी तितकीच येईल असे मानून क्षमता उभारणे धोक्याचे होय.

एकंदरीत पाहता, ‘क्षमता’ हा शब्द कोठेही आढळला तर त्याच्या पूर्वपदाची, काळाची व ऋतूची चौकशी केल्याखेरीज त्याचा अर्थ पूर्ण होत नाही. कशाची क्षमता, किती काळातली, आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांतली, हे तीन प्रश्न होत. परिभाषाकारांनी refrigerationला ‘प्रशीतन’ आणि बॉयलरला ‘बाष्पक’ किंवा ‘बाष्पित्र’ असे प्रतिशब्द दिले, ते काम मोलाचे आहे. परंतु संज्ञेला प्रतिशब्द मिळाला तरी तिच्या मापाचा खुलासा त्यातून होत नाही. ‘ताशी दहा टन वाफ’, ‘तीस टन प्रशीतन’, ‘पाच हजार टन साठवण’, ‘दैनिक अडीच हजार टन गाळप’ असे पूर्ण लिहिण्याची प्रथा अहवालांत, कर्जाच्या अर्जांत व अभ्यासलेखांत पडली, तर त्यासाठी नवा शब्द घडविण्याची गरज नाही. ‘ताशी’ आणि ‘दैनिक’ ही दोन विशेषणे मराठीत केव्हाचीच आहेत. ती गाळली गेल्यामुळे होणाऱ्या चुकीची किंमत भाषा भरत नाही. ती वसमतच्या बाजारात हळद घेऊन उभा असलेला शेतकरी भरतो.